यमनापूरचा इंडाल: पॉटरूम का विझला, ॲल्युमिना का टिकला?

घटप्रभाकाठ
बेळगावच्या उत्तर टोकाला महामार्गालगतचं यमनापूर म्हटलं की आजही तोंडात 'इंडाल' (इंडियन ॲल्युमिनियम कंपनी) येतं. २००० साली कारखाना हिंडाल्कोकडे गेला, फाटकावरची पाटी बदलली, पण रिक्षावाल्याला अजून 'इंडाल' सांगितलं की पुरे होतं. त्या बाजूची वस्ती, खानावळी, ट्रकांची वर्दळ, पुढे काकती-होनग्यापर्यंतचा औद्योगिक पट्टा, या सगळ्याच्या मुळाशी तो एक कारखाना आहे.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. इथे एके काळी बॉक्साइट या खनिजापासून थेट ॲल्युमिनियम धातूपर्यंत सगळं होत असे. आज धातू होत नाही, फक्त ॲल्युमिना होतो, म्हणजे बॉक्साइटमधून काढलेली, धातूच्या आधीच्या टप्प्याची पांढरी भुकटी. म्हणजे अर्धा कारखाना गेला आणि अर्धा राहिला. गावात याची कारणं विचारली की दहा उत्तरं येतात: सीमावाद, युनियन, सरकार, वीज. ज्यांना प्रक्रिया माहीत आहे त्यांनी हिशेबासकट लिहावं. 'वीज महाग होती' एवढ्या एका ओळीवर सोडू नका.

मीटरगेज
आधी कंपनीची वंशावळ, कारण ती नसली तर पुढचं कळत नाही.

इंडियन ॲल्युमिनियम कंपनी १९३८ ची, कॅनडाच्या अल्कन गटातली. केरळात अलवायजवळ अलुपुरमला १९४३ मध्ये धातू काढायला सुरुवात झाली. त्या वेळी ॲल्युमिना बाहेरून येत असे, कारण तिथे फक्त पाण्याची स्वस्त वीज होती. मग १९४८ मध्ये मुरीला (आताचं झारखंड) ॲल्युमिना रिफायनरी (बॉक्साइटपासून ॲल्युमिना करणारा कारखाना) आली आणि १९५९ मध्ये ओडिशात हिराकुडला स्मेल्टर (ॲल्युमिन्यापासून धातू काढणारा कारखाना). बेळगाव सगळ्यांत शेवटचं, १९७० च्या सुमाराचं. बाकी ठिकाणी रिफायनरी एकीकडे आणि स्मेल्टर दुसरीकडे होता. बेळगावात दोन्ही एकाच कुंपणात बसवले.

बेळगावच का, याची दोन कारणं. एक, कोल्हापूर जिल्ह्यातले बॉक्साइटचे सडे, म्हणजे माथ्यावरची सपाट पठारं: राधानगरी तालुक्यातली दुर्गमानवाडी, चंदगड तालुक्यातला कासारसडा. दुसरं, शरावतीची वीज. लिंगनमक्की धरणाखालचं वीजघर १९६० च्या दशकात सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने १०३५ मेगावॉटपर्यंत गेलं. त्या काळी राज्याकडे वीज शिल्लक होती आणि ती खाणारं मोठं गिऱ्हाईक हवं होतं. स्मेल्टरइतकं मोठं आणि चोवीस तास सारखं खाणारं गिऱ्हाईक दुसरं नाही.

आपल्याच जिल्ह्यातली गोकाकची गिरणी आठवा. १८८० च्या दशकात ती थेट धबधब्याच्या माथ्यावर बांधली, कारण ५२ मीटरची पाण्याची उडी तिथेच होती. गिरणी शक्तीजवळ गेली. यमनापूरला उलट झालं. कारखाना खनिजाच्या वाटेवर बसला आणि वीज घाट ओलांडून तारेवरून यायची. हा फरक लक्षात ठेवा.

पॉटलाईन
वरच्या पोस्टला धरूनच हिशेब मांडतो.

धातू निघतो तो 'पॉट'मध्ये. असे पॉट ओळीने मांडलेली इमारत म्हणजे पॉटरूम. पोलादी पेटी, आतून कार्बनचं अस्तर, तोच कॅथोड (ऋण टोक). वरून कार्बनचे ॲनोड (धन टोकं) लोंबतात. मध्ये वितळलेलं क्रायोलाइट (ॲल्युमिना विरघळवणारा क्षार; या द्रवालाच 'बाथ' म्हणतात), साधारण ९५० ते ९७० अंश सेल्सिअस, आणि त्यात विरघळलेला २ ते ६ टक्के ॲल्युमिना. वीज सोडली की धातू तळाला बसतो आणि ऑक्सिजन ॲनोडचा कार्बन खात वर जातो. एक टन धातूला १.९३ टन ॲल्युमिना आणि सुमारे अर्धा टन कार्बन लागतो.

आता विजेचं. १००० अँपिअर प्रवाह २४ तास चालू ठेवला तर जास्तीत जास्त ८.०५ किलो धातू निघतो. हा निसर्गनियम आहे, यात कंपनीची हुशारी चालत नाही. समजा जुन्या धाटणीचा ६०,००० अँपिअरचा पॉट आहे आणि प्रवाहाची कार्यक्षमता ९० टक्के आहे:

६० × ८.०५ × ०.९ = रोज सुमारे ४३५ किलो.

असे १५० पॉट एकामागे एक जोडले, प्रत्येकावर ४.५ व्होल्ट. म्हणजे ६७५ व्होल्ट गुणिले ६०,००० अँपिअर, साडेचाळीस मेगावॉट. धातू रोज ६५ टन. भागाकार केला तर टनाला जवळपास १५,००० युनिट. (हे आकडे उदाहरणाचे आहेत, यमनापूरच्या लाइनचे नव्हेत. पण त्या पिढीचा कुठलाही स्मेल्टर घ्या, उत्तर याच्या आसपास येतं.)

थोडक्यात, युनिटमागे एक रुपया दर वाढला की टनामागे पंधरा हजारांचा खर्च वाढतो. धातूचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, तिथे तो वाढीव रुपया कुणी देत नाही.

कणबर्गी_कट्टा
दर वाढला हे समजलं. पण महाग वीज असली तरी कारखाने कमी उत्पादन करून तग धरतात की. पाऊस नाही झाला तर निम्मे पॉट बंद ठेवायचे, पुढच्या वर्षी चालू करायचे. पूर्ण बंद कशाला?

पॉटलाईन
इथेच बाहेरच्या माणसाची गफलत होते. पॉट म्हणजे बटण दाबून बंद-चालू करायचं यंत्र नव्हे.

सगळे पॉट मालिकेत असतात, त्यामुळे पुरवठा गेला की सगळी लाइन एकदम गार व्हायला लागते. पहिला तासभर वरची पापडी उष्णता धरून ठेवते. दोन-तीन तासांनी बाथ घट्ट व्हायला लागतो, कडेचं गोठलेलं अस्तर आत सरकतं. चार-पाच तास झाले की बहुतेक पॉट हातचे गेले समजा. क्रायोलाइट आधी गोठतं, ॲल्युमिनियम ६६० अंशांपर्यंत पातळच असतं, पण वर बाथ गोठला की प्रवाहाला वाट नाही.

गोठलेला पॉट पुन्हा चालू करायचा तर आधी आतला घट्ट माल ब्रेकरने फोडून काढायचा. मग अस्तर तपासायचं. गार होताना कार्बनच्या ठोकळ्यांत आणि त्यांच्या सांध्यांत भेगा पडतात. भेगेतून धातू खाली झिरपला तर तो कॅथोडच्या लोखंडी पट्ट्या खातो, धातूत लोखंडाचं प्रमाण चढतं आणि शेवटी तळ फुटतो. म्हणून अनेक पॉटांना नवीन अस्तरच घालावं लागतं. एरवी पाच-सात वर्षं टिकणारं अस्तर एका वीजखंडाने वाया जातं. नवीन अस्तर घातल्यावर दोन-तीन दिवस हळूहळू तापवायचं, शेजारच्या चालू पॉटातला पातळ बाथ आणून ओतायचा आणि मगच प्रवाह घ्यायचा. शेजारी चालू पॉटच नसेल तर सुरुवात आणखी अवघड.

कपात आधी कळवून केली, तर काही पॉट वळणवाटेची बसबार (प्रवाह नेणारी जाड धातूची पट्टी) लावून शिस्तीत बाहेर काढता येतात. तरी अस्तराचं नुकसान चुकत नाही. आणि व्होल्टेज वरखाली झालं तरी त्रास होतोच. बाथमधला ॲल्युमिना दीड-दोन टक्क्यांखाली गेला की 'ॲनोड इफेक्ट' येतो, साडेचार व्होल्टचा पॉट एकदम तीसच्या वर उडी मारतो. मग पापडी फोडून ॲल्युमिना टाकायचा आणि ओल्या लाकडाचा बांबू बाथमध्ये खुपसून ॲनोडखालचा वायू मोडायचा, ही जुनी रीत. कमी प्रवाहावर कुंथत चालणाऱ्या लाइनीत हे सांभाळणं फार जिकिरीचं.

मीटरगेज
आणि कर्नाटकाची वीज त्या काळी कशी होती ते जोडा. रायचूरचं औष्णिक वीज केंद्र १९८५ मध्ये सुरू झालं. त्याआधी राज्याची स्वतःची वीज म्हणजे पाणीच. एक मान्सून हुकला की लिंगनमक्की भरत नाही. मग शेतीचे पंप, शहरं आणि कारखाने यांच्यात कपात वाटली जाते, आणि सगळ्यांत मोठा घास घेणाऱ्यावर पहिला हात पडतो. सरकारच्या बाजूनेही ते समजण्यासारखं आहे. एका स्मेल्टरच्या चाळीस मेगावॉटमध्ये पाच अश्वशक्तीचे दहा हजारांवर पंप चालतात.

सीमावादाने कारखाना बुडाला, असं म्हणणाऱ्यांनी इंडालचे तिन्ही स्मेल्टर शेजारी ठेवून बघावेत. अलुपुरम केरळात, तिथे सीमेचा प्रश्न नाही, तरी तिथला स्मेल्टरही पुढे बंद झाला आणि एक्स्ट्रूजनचं (धातू साच्यातून दाबून आकार काढायचं) काम उरलं. हिराकुड टिकला. का, तर तिथे कंपनीने कोळशावरचं स्वतःचं वीजघर उभं केलं आणि कोळसा जवळच होता. बेळगावला जवळचा कोळसा कुठला? शिवाय १९९० च्या दशकात रूंदीकरण होईपर्यंत मिरज-लोंढा मार्ग मीटरगेज होता. ब्रॉडगेजवरून आलेला कोळसा वाटेत वाघिणी बदलूनच बेळगावात यायचा. स्वतःचं मोठं वीजघर बांधण्याचा हिशेब तिथेच कोलमडतो.

घटप्रभाकाठ
हे पटलं. मग दुसरा अर्धा भाग. ॲल्युमिना कसा टिकला? त्यालाही ऊर्जा लागतेच ना?

लिकर_बर्न
लागते, पण जात वेगळी. स्मेल्टरला टनामागे १५,००० युनिट वीज लागते. ॲल्युमिन्याला टनामागे दोनशे-तीनशे युनिट पुरतात. बाकी सगळी उष्णता: वाफ आणि भट्टीचं इंधन. वाफ आपल्या बॉयलरची. ती आधी टर्बाइनमधून काढली की कारखान्यापुरती वीजही घरचीच होते. ग्रिड गेलं तरी बॉयलर चालू असेल तर रिफायनरी जगते. उत्तराचा गाभा एवढाच आहे.

प्रक्रिया थोडी सविस्तर लिहितो, कारण आजचं यमनापूर तीच करतंय.

बॉक्साइट क्रशरमधून काढून बॉल मिलमध्ये कॉस्टिक सोड्याच्या वापरलेल्या द्रावणाबरोबरच (यालाच 'लिकर' म्हणतात) दळतात. हा लगदा आधी ९५-१०० अंशांवर काही तास ठेवायचा, याला डिसिलिकेशन म्हणतात. कोल्हापूरचा बॉक्साइट मुख्यतः गिब्साइट जातीचा, म्हणून पुढच्या डायजेस्टरमध्ये (दाबाखाली ॲल्युमिना विरघळवायच्या भांड्यात) १४०-१५० अंश पुरतात. बोहमाइट जातीच्या खनिजाला २४० च्या वर जावं लागतं, म्हणजे जाड भांडी, जास्त दाबाची वाफ, सगळाच खर्च वाढतो. हा सड्याचा आपल्याला मिळालेला मोठा फायदा.

डायजेस्टरमधून निघालेलं सोडियम ॲल्युमिनेट आणि न विरघळलेला लाल गाळ सेटलरमध्ये वेगळे करतात. पूर्वी यासाठी स्टार्च वापरत, आता पॉलिमरचे फ्लॉक्युलंट (गाळ गोळा करून लवकर बसवणारी द्रव्यं). गाळ पाच-सहा वॉशरमधून उलट्या प्रवाहाने धुतात, म्हणजे स्वच्छ पाणी शेवटच्या वॉशरला आणि कॉस्टिक परत पहिल्याकडे. स्वच्छ लिकर गाळून, गार करून प्रेसिपिटेटर नावाच्या टाक्यांत हायड्रेटचं (पाणी धरलेल्या ॲल्युमिन्याचं) बारीक बी टाकतात आणि दीड ते तीन दिवस ढवळत ठेवतात. हायड्रेट बसतो, धुतात, आणि १००० अंशांच्या वर भाजून त्यातलं सुमारे ३५ टक्के पाणी घालवलं की ॲल्युमिना तयार.

बिघडतं कुठे? सगळ्यांत आधी सिलिकाशी. बॉक्साइटमधली मातीतली क्रियाशील सिलिका कॉस्टिक आणि ॲल्युमिना दोन्ही घेऊन गाळात जाते. एक किलो अशी सिलिका जवळपास ०.९ किलो कॉस्टिक आणि ०.८५ किलो ॲल्युमिना खाते. टनभर ॲल्युमिन्याला २.७ टन बॉक्साइट धरलं आणि त्यात ३ टक्के सिलिका असली तर ८१ किलो सिलिका, म्हणजे सत्तरवर किलो कॉस्टिक फुकट. खाणीत एक टक्का माती जास्त भरली गेली तर नफा तिथेच जातो. म्हणून ट्रक कुणाचा, यापेक्षा ट्रकात काय आहे याची तपासणी महत्त्वाची.

डिसिलिकेशन घाईत उरकलं तर तीच सिलिका पुढे हीटरच्या नळ्यांत कडक पापुद्रा धरते. एक-दोन मिलिमीटर पापुद्र्यानेही उष्णता जाणं फार कमी होतं, वाफ जास्त लागते. मग इनहिबिटर (आम्लापासून नळी वाचवणारं द्रव्य) घातलेल्या पातळ आम्लाने धुवायचं. इनहिबिटर विसरलं तर पापुद्र्याबरोबर नळीही जाते.

सड्यावरचा
खाणीच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

सडा म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं सपाट जांभ्याचं पठार. वर कडक जांभा, खाली बॉक्साइटचे थर आणि कप्पे, त्याखाली लिथोमार्ज नावाची मऊ पांढुरकी-जांभळी माती, मग काळा बेसाल्ट. बॉक्साइट सलग नसतो. एका खड्ड्यात पाच मीटर मिळतो, पन्नास पावलांवर नुसता जांभा. आणि वर ज्या सिलिकेबद्दल लिहिलंय ती बहुतेक लिथोमार्जमधून येते. एक्स्कॅव्हेटरचा बकेट अर्धा मीटर जास्त खाली गेला की माल बिघडला. चांगला ऑपरेटर रंगावर थांबतो.

पावसाचं गणित कारखान्याइतकंच कठोर आहे. जून ते सप्टेंबर सड्यावर धो धो पाऊस आणि धुकं, खोदाई जवळपास थांबते. ओला बॉक्साइट हॉपरला चिकटतो, चाळणी बसते आणि दहा टक्के पाणी असेल तर दर दहा ट्रकांतला एक ट्रक पाण्याचाच. म्हणून मेअखेर साठा करावा लागतो. रोज १००० टन ॲल्युमिना धरला तर २७०० टन बॉक्साइट, चार महिन्यांचे सव्वातीन लाख टन. जुन्या दहा टनी ट्रकाने हे म्हणजे ३२,००० खेपांहून जास्त, तेही उन्हाळ्यातल्या मोजक्या महिन्यांत रोजच्या मालाच्या वर. आपल्या भागात त्या काळात घरटी ट्रकमालक का झाले, टायर रिमोल्डिंग, पाटे-स्प्रिंग आणि बॉडी बांधणीची दुकानं बेळगावच्या वेशीवर का वाढली, याचं उत्तर या आकड्यात आहे. वस्ती पगारावर जेवढी वाढली तेवढीच खेपांवर.

खाण संपल्यावरचं एक. वरची माती सुरुवातीलाच वेगळी काढून उथळ ढिगात ठेवली आणि लवकर परत पसरली तरच सड्यावर काही उगवतं. वर्षानुवर्षं उंच ढिगात पडलेली माती मेलेली असते. तिच्यावर अकेशिया लावून हिरवं दिसतं, पण सड्याचं गवत आणि पावसाळी फुलं परत येत नाहीत. सडा पाणी मुरवून खालच्या झऱ्यांना देतो, म्हणून हा प्रश्न फक्त झाडांचा नाही.

कणबर्गी_कट्टा
लाल गाळाबद्दल बोला. त्या बाजूच्या लोकांना रोज दिसतो तो तोच. विटा करता येतात म्हणे?

लिकर_बर्न
टनभर ॲल्युमिन्यामागे कोरडा धरून एक ते दीड टन गाळ निघतो. म्हणजे उत्पादनापेक्षा कचरा जास्त. लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. आपला बॉक्साइट बेसाल्टवरचा असल्याने टायटॅनियमही बरंच असतं. धोका रंगाचा नाही, सोड्याचा. ताज्या गाळाचा सामू १२-१३ असतो.

पूर्वी पातळ गाळ तळ्यात सोडत. पातळ गाळाला बंधारा फुटला की वाहायला वेळ लागत नाही. हंगेरीत आयका इथे ऑक्टोबर २०१० मध्ये असंच झालं, १० माणसं गेली. मुरीला एप्रिल २०१९ मध्ये गाळाचा ढीग कोसळला. म्हणून आता फिल्टर प्रेसने पाणी काढून ट्रकात भरता येईल इतका घट्ट करतात आणि थर दाबत रचतात. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाझरगटार आणि पावसाचं पाणी वेगळं वळवणं, या दोन गोष्टी सांभाळल्या तर निम्मी काळजी मिटते. उन्हाळ्यात वरचा थर सुकून सोड्याचा पांढरा खार येतो, वाऱ्यावर तोच डोळ्यांना झोंबतो. त्यावर पाणी मारणं किंवा झाकणं हाच उपाय.

विटांचं: होतात, पण नुसत्या गाळाच्या नाहीत. सोडा राहिला तर भिंतीवर पांढरा खार फुटतो आणि गिलावा सुटतो. नीट धुतलेला गाळ थोड्या प्रमाणात मातीत किंवा फ्लायॲशमध्ये मिसळून चालतो. मोठा खप मात्र सिमेंटचा. क्लिंकरला (सिमेंट दळण्याआधीच्या भाजलेल्या गोळ्यांना) लोखंड लागतंच, ते सिमेंट कारखाने या गाळातून घेतात. तिथेही सोडा आणि ओल कमी असली तरच माल उचलतात.

कामगार किंवा ट्रकवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. लिकर किंवा ओला गाळ डोळ्यात गेला तर ताबडतोब पाण्याने किमान १५ ते ३० मिनिटं धुवायचं, पापण्या उघड्या धरून, आणि मग दवाखाना. लिंबू, व्हिनेगर काहीही घालू नका. कॉस्टिक आम्लासारखं लगेच झोंबत नाही, आत शिरत राहतं, म्हणून 'थोडंच उडालंय' म्हणून थांबू नये.

मीटरगेज
अजून एक बाजू. धातू गेल्यावर ॲल्युमिना फक्त दुसऱ्या स्मेल्टरसाठी करत राहिले असते तर बेळगावने मार खाल्ला असता, कारण रिफायनरी मोठी नाही आणि बंदर घाटाखाली. मग इथे विशेष जातीच्या ॲल्युमिन्यावर आणि हायड्रेटवर भर आला. याबद्दल कुणाला सांगता येईल का?

लिकर_बर्न
हो, आणि माझ्या मते पॉटरूम विझल्यावर यमनापूरला तारलं ते याच मालाने.

स्मेल्टरला लागतो तो वाळूसारखा, जाडसर माल. त्यात ०.३ ते ०.५ टक्के सोडा चालतो. विशेष मालात प्रत्येक गिऱ्हाइकाची मागणी वेगळी. हायड्रेट तुरटीच्या कारखान्याला, पाणी शुद्धीकरणाला. बारीक दळलेला पांढराशुभ्र हायड्रेट केबलच्या वेष्टनात आणि रबरात आग रोखायला, कारण २०० अंशांच्या वर तो स्वतःतलं पाणी सोडतो. भाजलेला ॲल्युमिना भट्टीच्या विटांना, टाइल्सना, पॉलिशला. स्पार्क प्लग आणि विजेच्या इन्सुलेटरला मात्र सोडा ०.१ टक्क्याच्या खाली हवा, नाहीतर तापल्यावर त्यातून वीज गळते.

सोडा दाण्याच्या आत अडकलेला असतो, म्हणून नुसता धुऊन जात नाही. भाजताना बोरॉनसारखं खनिजकारक (दाणा वाढायला मदत करणारं द्रव्य) थोडं घालतात, त्यामुळे दाणा अल्फा या स्थिर स्फटिकरूपात वाढतो आणि सोडा बाहेर पडतो. किती घातलं, १२०० अंशांच्या वर किती वेळ ठेवलं, यावर दाण्याचा आकार ठरतो. जास्त भाजला तर दाणे मोठे आणि कडक, गिऱ्हाइकाच्या मिलमध्ये दळायला दुप्पट वेळ. कमी भाजला तर सिरॅमिक आकसतो आणि फुटतो. पांढरेपणाचं दुखणं वेगळं. बॉक्साइटमधली पालापाचोळ्याची सेंद्रिय द्रव्यं लिकरमध्ये साठत जातात आणि हायड्रेटला तपकिरी झाक आणतात. त्यांचाच ऑक्झलेट होऊन बारीक सुया पडतात, त्यावर हायड्रेट बसला की सगळा माल फारच बारीक. सड्यावरची वरची माती खनिजात येऊ न देणं, हा त्यावरचा पहिला आणि स्वस्त उपाय.

सड्यावरचा
म्हणजे वरची माती वेगळी काढायची दोन कारणं झाली. एक सड्यासाठी, एक तुमच्या पांढऱ्या मालासाठी. मुकादमाला दुसरं कारण लवकर पटतं, असं लिहून ठेवतो.

घटप्रभाकाठ
धाग्याचं नाव तेच ठेवतो. पॉटरूमच्या जुन्या इमारती, रेक्टिफायर यार्ड (पॉटसाठी वीज एकदिश करायची जागा) आणि कारखान्याच्या रेल्वे सायडिंगची नकाशावरची जागा कुणाला खात्रीने माहीत असेल तर पुढच्या पोस्टमध्ये फक्त तेवढंच द्या. गाळाच्या ढिगांबद्दलचे प्रश्न वेगळ्या धाग्यात घेऊ, तिथे लिकर_बर्न यांची वरची पोस्ट चिकटवतो.